पत्ते माझ्या वहीत

माझ्या पोटात दुखत होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल की बाई जळत होती आणि कबूल करत नव्हती. जळत होते. नव्या पोस्टाच्या उद्घाटनाला सगळं शहर नटूनथटून लोटलं होतं आणि मी रस्त्याच्या अलीकडे, कुलूप लागलेल्या जुन्या पोस्टाच्या ओट्यावर, माझं घडीचं टेबल मांडून पाठ ताठ ठेवून बसले होते. समोर बावीस पायऱ्या, वर सहा खांब, खांबांवर घुमट, आणि घुमटाखाली कुठेतरी एका गुळगुळीत टेबलामागे माझी धाकटी जाऊ. तिच्या टेबलावर पितळी पाटी होती: 'पत्रलेखन'. माझ्या टेबलाला एकोणीस वर्षांत पाटी नव्हती. कधी लागलीच नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं आम्ही लिहितो. ते सांगतात, आम्ही उतरवतो, एकदा वाचून दाखवतो, मग पाकिटावर पत्ता घालून देतो. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिचं अक्षर म्हणजे कोंबडी कागदावरून चालून गेल्यासारखं. टाक कसा धरायचा इथपासून मी तिला शिकवलं. मला कधी ताप आला तर टेबलावर बसायला कोणीतरी हवं, एवढ्यासाठी शिकवलं. ताप एकदाच आला, तोही दोन दिवस. पण ती जी बसली ती बसलीच.

नव्या इमारतीत पत्रलेखनाला एकच टेबल, असं नकाशातच ठरलं होतं म्हणे. पोस्टमास्तरांनी आम्हा दोघींना बोलावलं आणि म्हणाले, मी एक पत्र सांगतो, दोघी लिहा, बघू. त्यांनी आपल्या भावाला पाठवायचं पत्र सांगितलं. पोस्ट नव्या इमारतीत जातंय, कामाची गडबड आहे, माझी पाठ धरली आहे, घरी राहिलेली लोखंडी पेटी येत्या आठवड्यात पाठवून दे.

मी दीड पान लिहिलं. भावाभावांच्या मायेवर चार ओळी, नव्या वास्तूवर सहा, आणि पाठीच्या दुखण्याचा उल्लेख असा हलक्या हाताने केला की वाचणाऱ्याच्या काळजात धस्स होऊ नये. माझं अक्षर तर लोक चौकटीत लावतात. साहेबांनी वाचलं, मान डोलावली, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "बाई, पेटी कुठंय?"

पेटी राहून गेली होती. धाकटीच्या पत्रात चारच ओळी होत्या आणि त्यातली एक सबंध ओळ पेटीची होती. टेबल तिला मिळालं. एका लोखंडी पेटीपायी! पेटी काय, कोणीही लिहील. माया कोण लिहिणार? हे मी साहेबांना तोंडावर बोलले नाही, पण घरी यांना इतकं ऐकवलं की हे जेवण अर्धवट टाकून फिरायला गेले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. ती भांडी विसळत होती, मी पुसत होते. आमच्या घरात जळफळाट कितीही असो, भांडी दोघींनी मिळून करायची, हा सासूबाईंच्या वेळेपासूनचा नेम आहे.

"ताई," ती म्हणाली, "पत्त्यांची वही उतरवून घेऊ का?"

"कशाला?"

"लोकांना पत्ते पाठ नसतात ना. उद्या माझ्याकडे आले तर..."

"तुझ्याकडे आले तर तू बघ. टेबल तुझं, पाटी तुझी. वही माझी."

ती काही बोलली नाही. तिचा हाच गुण मला सगळ्यात जास्त खुपतो. भांडली असती तर मी दोन शब्द चढे बोलून मोकळी झाले असते. ती नुसती ताटल्या विसळत राहिली, आणि मी एकच ताटली तीनदा पुसली.

वहीचं काय आहे, ते सांगते. जे लोक आमच्याकडे येतात त्यांना आलेलं पाकीटही वाचता येत नाही. पत्र वाचून घेतात, पाकीट कुठेतरी जातं. म्हणून पहिल्यापासून मी काय केलं, पाकीट हातात आलं की मागचा पत्ता वहीत टिपून ठेवायचा. कोणाचा मुलगा कुठे कामाला, कोणाची बहीण कुठल्या गल्लीत, कोणी घर बदललं, कोणी वारलं. तीनशेच्या वर नावं. साहेबांनी खांब बांधले, घुमट बांधला, पण हे पत्ते शहरात एकाच ठिकाणी होते, आणि ती वही माझ्या मांडीवर होती.

सकाळी दहाला बँड वाजला, फीत कापली, भाषणं झाली. भाषणातलं मला इकडे फक्त "भव्य" एवढंच ऐकू येत होतं, ते पुन्हा पुन्हा येत होतं. मग दारं उघडली आणि लोक आत घुसले. माझी सगळी गिऱ्हाइकं डोळ्यांदेखत त्या पायऱ्या चढून गेली. हमाल गेला, धोबीण गेली, दर महिन्याला बहिणीला रडून पत्र पाठवणारा न्हावी गेला. एकाने तरी इकडे मान वळवावी! न्हाव्याने वळवली, हात केला, आणि गेला. मी असा हात केला की त्याला कळावं, मला काही फरक पडत नाही. फरक पडत होता. माझे कान तापले होते.

पाऊण तासाने हमाल खाली उतरला. रस्ता ओलांडून माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, तो भावाचा पत्ता सांगा की जरा."

"कुठल्या भावाचा?" माझ्या मनात लाडू फुटत होते, पण चेहरा कोरा.

"माझ्या हो. पत्र लिहून झालंय. त्या धाकट्या बाई विचारतात, पत्ता काय."

"मला काय माहीत? जिने पत्र लिहिलं तिला विचार."

तो गोंधळला. वहीकडे बघत राहिला. त्याला लिहिता येत नसलं तरी वही ओळखता येत होती. मी सांगितलं, पत्र माझ्याकडून लिहून घ्यायचं असेल तर पत्ता त्यात आलाच. नाहीतर आत जा, आत खूप भव्य आहे. त्याने डोकं खाजवलं, धाकटीने लिहिलेला कागद घडी घालून खिशात टाकला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. मी त्याला दोन पानं लिहून दिली, अशी की भावाने शेजाऱ्यांना वाचून दाखवावीत.

त्याच्यामागून धोबीण आली. मग न्हावी. मग आणखी दोघं. एक वाजेपर्यंत माझ्या ओट्यावर रांग होती आणि समोरच्या बावीस पायऱ्यांवर कबुतरं होती. मला इतका आनंद झाला की डबा उघडायचं विसरले. मधे एकदा धाकटी खांबापाशी येऊन उभी राहिलेली दिसली. इकडे बघत होती. मी मुद्दाम मान खाली घालून लिहीत राहिले आणि टाक नेहमीपेक्षा जोरात चालवला.

दोन वाजता पोस्टाचा शिपाई आला. जुन्या पोस्टातलाच, मला चांगला ओळखणारा.

"बाई, साहेबांनी बोलावलंय. वही घेऊन या म्हणाले."

"वही येईल," मी म्हणाले. "वहीबरोबर टेबल मिळत असेल तर."

"म्हणजे त्या टेबलावर तुम्ही?"

"मग काय तुझ्या साहेबांच्या मांडीवर?"

तो हसत हसत गेला. मी वही छातीशी धरून बसले. सांगते ना, त्या अर्ध्या तासात मी ते टेबल मांडूनसुद्धा टाकलं. दौत उजवीकडे, टीपकागद डावीकडे, पाटी पुसायला एक वेगळं फडकं. धाकटीला मी काही उपाशी मारणार नव्हते. तिने ओट्यावर बसावं, या घडीच्या टेबलावर, जिथे मी बसले एकोणीस वर्षं. उन्हाळ्यात इथे दुपारी तीननंतर सावली येते, तेही सांगितलं असतं तिला.

शिपाई परत आला तो एकटा नव्हता. त्याच्या कोपराला धरून काजवाल्या आजी येत होत्या.

आजी शिंप्यांना काजं करून द्यायच्या, म्हणून हे नाव. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. अकरा वर्षं, दर दोन महिन्यांनी, दूर नोकरीला असलेल्या एकुलत्या एक मुलाला पत्र. सकाळपासून त्या दिसल्या नव्हत्या तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, बघा, इतर सगळे गेले पण आजी काही गेल्या नाहीत. आता त्या समोरून, पायऱ्या उतरून येत होत्या, आणि त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता. म्हणजे त्या केव्हाच आत गेल्या होत्या आणि मला कळलंही नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब हो म्हणाले," शिपाई हळूच म्हणाला. "उद्यापासून तुम्ही आत. पण वही आत्ता न्यायला सांगितलीय."

जिंकले होते. आणि आनंद व्हायच्या आधी आजींचा तो कागद दिसत होता. आजी चाचपत स्टुलावर बसल्या.

"बाई, आहेस ना?"

"आहे," मी म्हणाले. "पत्र लिहून झालेलं दिसतंय."

"झालंय. पत्ता घाल. त्याने घर बदललंय ना गेल्या वर्षी, तो नवा तुझ्या वहीत आहे. तीनच्या थैलीत जायला पाहिजे म्हणतात." मग जरा थांबून, "आणि वाचून दाखव. ती वाचणार होती तेवढ्यात कोण पाहुणे आले, तिला उठून उभं राहायला लागलं. वाचल्याशिवाय पाकिटात घालायचं नाही, तूच म्हणतेस."

"माझं पत्र असलं की मी म्हणते. हे माझं नाही."

"बरं. पण वाच. रागावू नकोस, त्यात तुझंही आलंय."

माझंही आलंय म्हटल्यावर मला वाटलं, काहीतरी चांगलं असेल. इतकी वर्षं बाईंनी पत्रं लिहिली, त्यांचे उपकार, असं काहीतरी. मी कागद उलगडला. धाकटीचं तेच अक्षर, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. आठच ओळी होत्या. डोळ्यांनी मी त्या एका दमात वाचल्या, आणि मग तोंडाने वाचायला लागले.

"बाळा, मी आई. मला दोन वर्षं झाली दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. काजं सुटली. शेजारीण दोन वेळा जेवायला देते, पण तिचंही घर लहान आहे. तू एकदा ये. तू मला दिसणार नाहीस, पण हात लावून कळशील. आई."

वाचून मी थांबले. रस्त्यावर बँडवाले आपली वाद्यं गाडीत भरत होते.

"मधलं राहिलं," आजी म्हणाल्या.

"काय राहिलं?"

"शेजारणीच्या नंतरचं. मी सांगितलंय ते, मला पाठ आहे. सगळं वाच."

शिपाई माझ्याकडे बघत होता. त्याला वाचता येत होतं, पण तो माझ्या मागे नव्हता, पुढे होता. मी कागद जवळ घेतला. 

"याआधीच्या पत्रांत मी खुशाल आहे, काळजी नसावी असं लिहिलंय, ते मी सांगितलं नव्हतं. बाई फार छान लिहायच्या. मला त्यांचं मन मोडवेना."

"हां," आजी म्हणाल्या. "आता पत्ता."

तर ते असं होतं. अकरा वर्षं मी त्या मुलाला लिहीत होते की आई आनंदात आहे, मंद वारा सुटलाय, शेजार प्रेमळ आहे. तो उत्तर लिहायचा, तू खुशाल आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला, पुढच्या वर्षी नक्की जमवतो. ती उत्तरंही मीच वाचून दाखवायची, आणि मला वाटायचं, बघा कसा परिणाम झाला माझ्या पत्राचा. परिणाम झालाच होता. तो आला नव्हता.

पाकीट समोर घेतलं. टाक बुडवला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की जुनाच पत्ता घालावा. कोणाला कळणार? आजींना दिसत नाही, शिपायाला माहीत नाही. पत्र त्या जुन्या घरी जाईल, कोणीतरी नवा भाडेकरू ते खिडकीत ठेवून देईल, आणि धाकटीच्या त्या आठ ओळी कोणाच्या हाती लागणार नाहीत. माझी साठ-पासष्ट सुंदर पत्रं त्या मुलाच्या पेटीत तशीच राहतील आणि त्यांना कोणी खोटं म्हणणार नाही. टाकावरचा शाईचा थेंब पाकिटावर पडायच्या बेतात होता.

मी वही उघडली. नवा पत्ता लिहिला. घर क्रमांक, गल्ली, शहर, सगळं मोठ्या सुट्या अक्षरात, धाकटीसारखं साधं. आयुष्यात मी इतकं कुरूप अक्षर काढलं नसेल. कागद आत घातला, पाकीट चिकटवलं आणि कडा दोनदा दाबली.

"बाई, चला ना," शिपाई म्हणाला. "साहेब वाट बघतायत. धाकट्या बाईंना टेबल आवरायला सांगायचंय."

"काही आवरायला सांगू नकोस."

"म्हणजे?"

"टेबल तिचंच राहू दे. ही वही ने आणि तिच्या हातात दे, साहेबांच्या नको. म्हणावं, हिरव्या शाईत आहेत ते वारलेले, त्यांना लिहू नको."

त्याने वही घेतली, पण निघाला नाही, मी विचार बदलते का बघत उभा राहिला. आता माझं मन स्वच्छ झालं, असं समजू नका. पोटातलं दुखणं थांबलं तर नाहीच, उलट वाढलं. सकाळपासून मी तिच्या टेबलावर जळत होते, पाटीवर जळत होते. टेबल मिळालं असतं तर ते थांबलं असतं. आता मी त्या 'तू एकदा ये' वर जळत होते, आणि ते मला कुठलाही पोस्टमास्तर मिळवून देणार नव्हता. एकोणीस वर्षं टाक घासला मी. आजींनी ते शब्द तिच्यापाशी काढले, पहिल्याच दिवशी, ज्या पोरीला मी टाक कसा धरायचा ते शिकवलं तिच्यापाशी. माझ्यापाशी अकरा वर्षांत नाही. माझ्याने राहवेना.

"आजी," मी म्हणाले, "एक विचारू? तिला जे सांगितलंत ते मला का नाही कधी सांगितलंत?"

आजी उठल्या होत्या. एका हाताने शिपायाचा कोपर शोधत होत्या, दुसऱ्या हातात पाकीट घट्ट होतं. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. चेहऱ्यावर राग नव्हता, जरासं नवल होतं.

"सांगितलं होतं की गं," त्या म्हणाल्या. "तीनदा सांगितलं. तू म्हणालीस, पत्रात असं लिहीत नसतात."